लेखकाचं नाव नाही

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या काखेत एक पाय होता.

गुडघ्याखालचा अख्खा पाय. वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेला, मोजा आणि बूट घातलेला. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. तो शाळेच्या ग्रंथालयाच्या दारात केस झटकत उभा होता, आणि आत दहावीची अडतीस मुलं संगणकांवरून माना उंचावून त्या बुटाकडे बघत होती.

"माफ करा हं," तो म्हणाला, "शिपाईकाका कुठे भेटतील? त्यांचा पाय आणलाय."

 मग असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोकावून गेले. ग्रंथपालबाईंनी टेबलावर डस्टर आपटलं खरं, पण आपटताना त्यांचे स्वतःचेच ओठ दगा देत होते, आणि नेमकं तेच त्याने पाहिलं.

"शिपाईकाका मागच्या फाटकाशी असतात," ती म्हणाली. "तुम्ही चुकीच्या दाराने आलात."

"हो का?" तो म्हणाला. जागचा हलला मात्र नाही. "चुकलो खरा… पण फारसं वाईट वाटत नाहीये."

मागच्या बाकावरून कुणीतरी "ओहो" केलं. तिचे कान गरम झाले.

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला नसता, तर तो तसाच मागच्या फाटकाकडे गेला असता आणि ही गोष्ट तिथेच आटोपली असती. त्या मुलीला सगळे शंकाकुमारी म्हणायचे. तिच्या शंकांपुढे शाळेतल्यांनीच नव्हे, घरच्यांनीही हात टेकले होते.

"दादा, हा पाय तुम्ही बनवलात? म्हणजे… असं काम असतं?"

"असतं की. आधी माप घ्यायचं, मग प्लास्टरचा साचा करायचा, त्यावरून पाय बनवायचा आणि शेवटी माणसाला चालायला शिकवायचं. शेवटचं सगळ्यात अवघड. पाय ऐकतो, माणूस ऐकत नाही."

पुन्हा हशा. या वेळी डस्टर आपटायचं ती विसरली.

गुरुवारचे शेवटचे दोन तास तिचे असत. वेळापत्रकात त्यांचं नाव होतं 'पुढे काय?'. प्रत्येकाने आपल्याला आवडेल असं एक काम निवडायचं, आणि त्याबद्दल इंटरनेटवर सापडेल ती माहिती गोळा करायची. गोळा करायला काय, कुणीही करतं. तिचा खरा जीव चाळण्यात होता. फळ्यावर तिने चार प्रश्न लिहून ठेवले होते, आणि ते पुसायची कुणाची छाती नव्हती: कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कशावरून लिहिलं? लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा? विमान चालवायला म्हणे चष्मा चालत नाही, असं कुणी म्हणालं की ती विचारायची, "पुरावा?" स्वयंपाकी होणं सोपं असतं, असं कुणी म्हणालं की, "पुरावा?" मुलं तिला मागून पुरावाबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि वरवर रागावली तरी आतून बरं वाटायचं.

ती एवढी कडक का, हे मात्र तिचं तिलाच माहीत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत, अठराव्या वर्षी, तिने घरबसल्या एका करिअर मार्गदर्शनाच्या वेबसाइटसाठी लेख लिहिले होते. दिवसाला तीन, सुट्टीभरात शंभरच्या वर. खाणीतला अभियंता, दातांचा डॉक्टर, नकाशे काढणारा, मधमाश्या पाळणारा… यांतल्या एकाशीही ती बोलली नव्हती. वेळ कुठे होता? काय शिकावं लागतं, किती वर्षं लागतात, सगळं अंदाजपंचे. वर प्रत्येक लेखात एक 'अनुभवी जाणकार' असायचा, आणि तो जे बोलायचा ते ती स्वतःच त्याच्या तोंडी घालायची. लेखाखाली नाव नसे. तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं. पुढे ग्रंथपालाचं शिक्षण घेताना, माहिती कशी पारखावी हे शिकताना, एके दिवशी भर वर्गात तिला घाम फुटला, आणि तेव्हापासून ती लाज तिच्या पोटात घर करून होती. ती कुणाला बोलली नाही. फक्त मुलांना सारखं विचारत राहिली, पुरावा काय, पुरावा काय.

त्या दिवशी जाता जाता तिने त्याला म्हटलं, "गुरुवारी कधी वेळ असेल तर येत जा. इंटरनेटवर मिळालेलं खरं की खोटं, हे त्या कामातल्या माणसाला विचारून बघायला मुलं शिकतील."

"मुलांसाठीच ना?" त्याने विचारलं.

"नाहीतर कोणासाठी?"

"नाही, म्हणजे… खात्री करून घेतली. तुमच्याकडे तशीच पद्धत दिसतेय." त्याने फळ्याकडे बोट दाखवलं, पाय सावरला आणि गेला.

मग तो येऊच लागला. दर गुरुवारी तीनच्या ठोक्याला, हातात कधी गुडघ्याचा सांधा, कधी प्लास्टरचा तळवा. मुलं त्याला पायवाले दादा म्हणू लागली. ओळखीच्या एका नर्सबाईंना आणि एका वीजतंत्रज्ञालाही तो बरोबर घेऊन आला; मुलांनी वेबसाइटवरचं वाचून दाखवलं, आणि त्या दोघांनी त्यातलं निम्मं हसण्यावारी नेलं. मुलं वहीत धडाधड फुल्या मारत होती. ती मागे कपाटाला टेकून उभी राहायची आणि आपल्या छातीत काय चाललंय याचा पुरावा शोधायची.

"हे चार प्रश्न माणसांनाही लागू पडतात का?" एकदा त्याने हळूच विचारलं. मुलं आपापल्या कामात होती.

"पडतात."

"मग विचारा ना."

"कधी आलात?"

"तीन वाजता."

"कशावरून?"

"तुम्ही घड्याळाकडे बघत होतात त्यावरून."

तिने पटकन पुस्तकांची चळत उचलली. "मी… तास संपायला किती वेळ आहे ते बघत होते."

"शेवटचा प्रश्न राहिला," तो म्हणाला. "माझा यात काय फायदा?"

"काय?"

तो नखातलं प्लास्टर काढत राहिला. कॉलरवरही पांढरा ठिपका होता. तिने आपल्या गळ्याशी बोट लावून खूण केली, त्याने भलतीच बाजू झटकली, तिने "नाही, इकडे" म्हणून हात पुढे केला, आणि तो हात अर्ध्या वाटेवरच थबकला. दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. घंटा झाली म्हणून बरं.

घरी ताईने तिला आमटीत दोनदा मीठ घालताना पकडलं. ताई तिची थोरली बहीण, दोघी एकत्रच राहायच्या. "काय गं, कोण आहे तो?" ताईने विचारलं. "कोणी नाही," ती म्हणाली, आणि इतकी लाजली की ताईला आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

मग तो गुरुवार उजाडला.

शंकाकुमारीने कृत्रिम अवयव बनवण्याचं काम निवडलं होतं. ती पडद्यावर आपली माहिती दाखवत होती. तो पहिल्या बाकाच्या कडेला बसला होता, आणि ग्रंथपालबाई नेहमीच्या जागी, कपाटाशी.

"हा लेख सगळ्यात वर येतो," शंकाकुमारी म्हणाली. "यात लिहिलंय की या कामाला गणित-विज्ञान लागत नाही, चित्रकला चांगली असली की पुरे. कोणी लिहिलं? नाव नाही. कधी लिहिलं? इथे कालची तारीख आहे. पण मी परवा पाहिलं तेव्हा परवाची होती! म्हणजे तारीख रोज आपोआप बदलते. कशावरून लिहिलं? तर एका म्हाताऱ्या अनुभवी कारागिराच्या मुलाखतीवरून. त्याचंही नाव नाही. तो म्हणतो, 'पाय बसवला की माणूस आधी खाली बघत नाही, आपल्याकडे बघतो.'"

कपाटाशी उभ्या असलेल्या तिने ते वाक्य लगेच ओळखलं. वाक्य तिचं होतं. त्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी पंख्याखाली लोळत, छताकडे बघत तिने ते बनवलं होतं, आणि आपल्याला काय छान सुचतं म्हणून स्वतःवरच खूश झाली होती.

"अरे!" पायवाला उठून उभाच राहिला. चेहरा नुसता फुलला होता. "हा अजून आहे? मुलांनो, हा लेख मी सोळाव्या वर्षी वाचला. तो वाचूनच मी या कामात यायचं ठरवलं!"

"म्हणजे चांगला आहे?" कुणीतरी विचारलं.

"चांगला? अरे, साफ खोटा आहे! गणित लागत नाही म्हणून मी विज्ञान सोडलं. दोन वर्षांनी प्रवेश घ्यायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत केला. पुन्हा अकरावीपासून विज्ञान घेतलं, माझ्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून." तो हसत होता. "तो म्हातारा कारागीर कुठे भेटला ना, तर आधी त्याच्या पाया पडेन आणि मग त्याचा कान पिळेन."

सगळा वर्ग हसला. तिला हसायला हवं होतं, पण चेहरा तिचा राहिलाच नव्हता. "पुढचा गट," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला.

इतकी वर्षं तिची लाज कोऱ्या चेहऱ्याची होती. कुठेतरी कुणाचं तरी नुकसान झालं असेल, एवढंच. आता त्या लाजेला डोळे आले होते, खळी आली होती, नखातलं प्लास्टर आलं होतं.

तास सुटल्यावर तो पायऱ्यांवर थांबला होता. "बरं नाही का तुम्हाला?"

"डोकं… जरा दुखतंय."

"रविवारी याल? माझ्या वर्कशॉपमध्ये. मुलांसाठी नाही," तो म्हणाला, आणि त्याने घाईघाईने भर घातली, "म्हणजे खात्री करून घ्यायची गरज नाही. सरळच सांगतोय."

ती गेली. सांगून टाकायचं असं घोकत गेली. शनिवारी तिने आरशासमोर वाक्यही बसवलं होतं.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पायऱ्या आणि दोन समांतर कठडे, चालायचा सराव करायला; दुसऱ्या भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने पांढरे पाय. लहान, मोठे, एक तर तळहाताएवढा. तिने तो बघितला आणि नजर वळवली.

"चार वर्षांची आहे," तो म्हणाला. "दर सहा महिन्यांनी नवा लागतो. वाढते ना. मागच्या वेळी तिने अट घातली, बुटाला घंटी लावा."

"लावलीत?"

"न लावून सांगतो कोणाला!"

हसता हसता त्याने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला तो लेख चिकटवलेला होता, छापून घेतलेला, पिवळा पडलेला. 'आपल्याकडे बघतो' या शब्दांखाली निळी रेघ. तिने रात्री पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं… आणि त्याच वेळी त्याने कपाटावरून कापडात बांधलेलं काहीतरी खाली काढलं.

पाय होता. ओबडधोबड, एका बाजूला जरा जास्तच घासलेला.

"मी केलेला पहिला. आजोबांच्या मापाचा," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "त्यांचा पाय मी चौदा वर्षांचा असताना गेला. त्यांना म्हटलं होतं, मी शिकतो आणि तुमचा पाय मीच करतो. ते थांबले. कुबड्यांवर थांबले. मी शेवटच्या वर्षाला पोचलो त्याच्या आधी गेले. दोन वर्षं फुकट गेली नसती ना… असो. हे मी वर्गात नाही बोलत."

ती त्या पायाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"तुम्ही मला का आवडलात सांगू?" तो पायावरचं कापड नीट करत म्हणाला. वर बघायचा त्यालाही धीर नव्हता. "तुम्ही पुराव्याशिवाय काही बोलत नाही. अशी माणसं… फार कमी असतात."

 तिने घड्याळात बघितलं, ताई वाट बघत असेल असं काहीतरी पुटपुटली आणि अक्षरशः पळ काढला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. तो दारात उभा असणार, आणि आपण भलतंच काही बोलून बसलो असं त्याला वाटत असणार. म्हणजे आता तीही शिक्षा त्यालाच. स्वतःची तिला इतकी किळस कधी आली नव्हती.

"तू तेव्हा पोर होतीस," ताई म्हणाली. तिला सगळं सांगावंच लागलं. "आणि नाव तर कुठेच नाही. कोणाला कळणार आहे? सोन्यासारखा मुलगा हातचा घालवू नकोस."

"मला कळतंय ना, ताई."

तिने वेबसाइटला मेल पाठवला, लेख काढा म्हणून. मेल जसाच्या तसा परत आला. त्या पत्त्यावर आता कुणीच नव्हतं. लेख मात्र रोज नवी तारीख लावून उभा होता.

पुढच्या गुरुवारी गट आपापले तक्ते भिंतीला लावत होते. तो आला, पण तिच्याकडे न बघता मागे जाऊन बसला. शंकाकुमारीने तिचा तक्ता लावला. त्या लेखापुढे तीन रकाने भरलेले होते. 'कोणी लिहिलं?' या रकान्यात लिहिलं होतं, 'माहीत नाही.'

"मॅडम, एक शंका आहे."

"विचार."

"ज्यांनी हे लिहिलं, त्यांना लाज वाटत असेल का हो?"

 ती टेबलाची कड धरून उभी होती.

"वाटते," ती म्हणाली.

"पुरावा?" शंकाकुमारीने सवयीने विचारलं, आणि दोन-तीन मुलं खुदकन हसली.

"मी लिहिलंय."

कुणालाच आधी कळलं नाही. मग हळूहळू एकेक चेहरा बदलत गेला. तिला ते सगळं दिसत होतं, आणि तिने नजर खाली घातली नाही, एवढंच काय ते तिच्या हातात होतं.

"अठरा वर्षांची होते. या कामातल्या कोणालाही मी भेटले नव्हते. तो कारागीर नव्हताच. गणित लागत नाही हे मी ठोकून दिलं, कारण वाचणाऱ्यांना ते आवडेल असं वाटलं. असे शंभर लेख लिहिले. कुणाची त्यात वर्षं गेली." तिने फळ्याकडे बोट दाखवलं.  "तुमच्यासमोर उभी राहून मी पुरावा मागते ना, ते या लाजेपोटी. आणि गेल्या गुरुवारीच हे सांगायला हवं होतं, तेव्हाही गप्प बसले. त्याची लाज वेगळी."

मागे खुर्ची सरकली. तो उठला, पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेला, तिथे क्षणभर थांबला, आणि गेला. 

"मॅडम," शंकाकुमारीने फार हळू विचारलं, "मग… त्या रकान्यात तुमचं नाव लिहू?"

"लिही. सुवाच्य लिही."

मुख्याध्यापिकांना तिने त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या, आणि मग म्हणाल्या, "तास चालू ठेवा." मुलांचं काय? मुलं दोन दिवस तिच्याकडे चोरून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी शंकाकुमारी टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, तो लेख खोटा, हे कळलं. पण मग खरा कोण लिहिणार?"

प्रश्न बिनतोड होता. मुलं कामाला लागली. अभ्यासक्रमाची पत्रकं शोधली, मान्यता असलेल्या संस्थांची यादी शोधली, ती कधीची आहे ते तपासलं, संस्थांना फोन केले. या कामातल्या तीन माणसांशी बोलायचं ठरलं. दोघं मिळाले. तिसरा कोण, यावर सगळे तिच्याकडे बघत राहिले.

तो दोन गुरुवार आला नव्हता. दुसऱ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी दुपारी ती वही घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी राहिली.

तो बादलीत प्लास्टर कालवत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली.

"कामासाठी आलेय," ती म्हणाली. "तो लेख नव्याने लिहितोय, मुलं आणि मी. शाळेच्या वेबसाइटवर जाईल, नावांसकट. तिसरी मुलाखत तुमची असावी असं वर्गाचं म्हणणं आहे. नको असेल तर दुसरं कोणी शोधू."

"वर्गाचं म्हणणं. आणि तुमचं?"

"मला म्हणायला तोंड नाही."

तो काठीने प्लास्टर ढवळत राहिला. मग त्याने काठी तिच्यापुढे धरली. "हे ढवळत राहा, घट्ट होतंय. मी बोलतो."

"मग लिहू कशी?"

"ऐका नीट. घरी जाऊन लिहा आणि मला दाखवा. एक शब्द जरी पदरचा घातलात तर…"

तिने बाह्या सारल्या. तो बोलला, तासभर बोलला. माप कसं घेतात, माणसं का रडतात, गणित कुठे कुठे लागतं. ती ढवळत राहिली, ऐकत राहिली, आणि कोपरापर्यंत पांढरी झाली. शेवटी त्याने विचारलं, "ते वाक्य. माणूस आपल्याकडे बघतो ते. ते खरं निघालं, माहीत आहे? दर वेळी खरं निघतं. कुठून आणलंत?"

"छताकडे बघून," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हसला. फसकन हसला, आणि लगेच गंभीर झाला. "हसलो म्हणजे राग गेला असं नाही."

"माहीत आहे."

"दोन आठवडे तुला शिव्या घालतोय… तुम्हाला."

"'तुला'च बरोबर आहे. शिव्या कोणी 'तुम्ही' म्हणून देत नाही."

सकाळपासूनचा पाऊस थांबला होता. पत्र्यावरून एखाददुसरा थेंब तेवढा पडत होता. त्याने तिच्या हातून काठी घेतली आणि बाजूला ठेवली.

"मला राग आहे," तो म्हणाला. "तो उद्या जाईल असं मी सांगणार नाही. पण गुरुवारी तीन वाजले की मी पिशवी भरतो आणि पुन्हा रिकामी करतो. तू वर्गात सगळ्यांसमोर उभी होतीस ना… गप्प राहिली असतीस तर कोणाला कळलंही नसतं, तरी उभी होतीस. तू मला आवडतेस. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि याचं काय करायचं मला कळत नाही."

"मलाही तुम्ही… तू…" तिचे डोळे भरून आले. पुसायचे कशाने? हात प्लास्टरचे. "पायाचं ते गाठोडं घेऊन दारात उभा होतास ना, तेव्हापासून. म्हणून तर सांगता येत नव्हतं. गमवायला काहीतरी होतं."

त्याने खिशातला रुमाल काढून तिचे डोळे टिपले. जरा दांडगटपणेच टिपले.

"आजोबा माझ्या आईचे वडील," तो म्हणाला. "आईला तू कोण ते सांगायचंय. तू मला आवडतेस ते आणि तो लेख तुझा ते, दोन्ही सांगायचंय. एक आज कळलं आणि दुसरं पुढे बाहेरून कळलं, असं नको मला. चल माझ्याबरोबर."

"आज?" तिने आपल्या पांढऱ्या हातांकडे बघितलं.

"हात धुऊन."

त्याच्या घराचे जिने चढताना तिने दोनदा परत फिरायचं ठरवलं. दार उघडंच होतं. त्याची आई खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती, तोंडात टाचण्या. आईने टाचण्या काढून पोराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आई, ही—"

"थांब," तिने त्याला अडवलं. "मी सांगते." आणि उंबऱ्यातच उभी राहून तिने सांगितलं. लेख, गणित, दोन वर्षं. आपलं वय तिने सांगितलं नाही. ते सबबीसारखं वाटलं असतं.

मशीनवरचं पाऊल थांबलं.

"म्हणजे माझे वडील शेवटपर्यंत कुबड्या घेऊन चालले ते तुझ्यामुळे?"

"हो."

"आई, अगदी तसं—"

"तू गप्प बस. मी तिच्याशी बोलतेय." आई खिडकीबाहेर बघत राहिली. "दवाखान्यात दुसरा पाय बसवून देत होते त्यांना. एकदा नाही, तीनदा. मी हातापाया पडले. म्हणाले, घालीन तर नातवाचाच. हट्टी होते, भारी हट्टी होते माझे वडील. तो हट्ट काही तू लिहिलेला नव्हतास." मग ती वळली. "पण म्हणून तू केलंस ते बरोबर होत नाही."

"नाही होत."

"कळतंय?"

"रोज कळतं."

आईने पोराकडे बघितलं. तो श्वास रोखून उभा होता, कानांच्या पाळ्या लाल. मग तिने त्या मुलीच्या कोपराकडे बघितलं. तिथे अजून प्लास्टर होतं, धुवायचं राहून गेलेलं. आईने टाचण्यांची डबी बंद केली आणि पलंगावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारले.

"आत ये," ती म्हणाली. "उभ्या उभ्या किती लाज वाटून घेशील? बस जरा."

ती बसली. तोही बसला, अगदी खेटून नाही, मध्ये वीतभर जागा सोडून. पण तिच्या शेजारी.